लोड बॅलन्सर आहे, तरी दोन सर्व्हर रिकामे का?

अर्धविराम | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, शुक्रवारपासून एकाच गोष्टीने डोकं खाल्लंय, म्हणून धागा काढतेय.

आमच्या एका सेवेचे सहा सर्व्हर होते. त्यांच्यापुढे काम वाटून देणारा नेटवर्क लोड बॅलन्सर आहे, लेयर ४ चा. म्हणजे आयपी आणि पोर्ट बघून जोडणी पुढे ढकलतो, आतल्या विनंतीत काय लिहिलंय त्यात तो पडत नाही. सहाही सर्व्हरचा सीपीयू ८० टक्क्यांच्या वर जायला लागला, म्हणून शुक्रवारी आणखी दोन उभे केले. बॅलन्सरच्या यादीत दोघेही आले, हेल्थ चेक (सर्व्हर ठीक आहे का याची तपासणी) हिरवा, सगळं यथासांग झालं. आज सोमवार. जुने सहा अजूनही ८२-८३ वर आहेत आणि नवे दोघे ३ टक्क्यांवर बसून आहेत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

अल्गोरिदम राउंड रॉबिन आहे. मला वाटायचं की राउंड रॉबिन म्हणजे पहिली विनंती पहिल्याला, दुसरी दुसऱ्याला, असं फिरत राहणार. मग आठ जणांत आठवा आठवा हिस्सा का पडत नाहीये? वजनं तपासली, सगळ्यांची सारखी आहेत. फायरवॉल तपासली. नव्या सर्व्हरवर हाताने विनंती पाठवली तर उत्तर लगेच येतं.

एवढं साधं काम बॅलन्सरला का जमू नये? की मीच त्याच्याकडून चुकीची अपेक्षा करतेय?

रांगेतला_पाचवा | सोमवार, रात्री १०:२०

बॅलन्सर रीस्टार्ट करून पाहिला का?

अर्धविराम | सोमवार, रात्री १०:२४

@रांगेतला_पाचवा, नाही. चालू वाहतूक तुटेल म्हणून धजले नाही.

पॅकेटपाहुणा | सोमवार, रात्री १०:४१

बरं केलंत. आधी एक सांगा: या सेवेला विनंत्या पाठवतं कोण? ब्राउझरमधून लोक येतात, की तुमचीच दुसरी एखादी सेवा बोलते? आणि जोडण्या किती वेळ उघड्या राहतात?

विचारण्याचं कारण असं, की लेयर ४ चा बॅलन्सर विनंती मोजत नाही, जोडणी मोजतो. टीसीपी (जोडणी सांभाळणारा प्रोटोकॉल) चं जोडणी मागणारं पहिलं सिन पॅकेट आलं की बॅलन्सर एकदाच निर्णय घेतो. ही जोडणी अमक्या सर्व्हरला, अशी नोंद तक्त्यात करतो. त्यानंतर त्या जोडणीवरून दहा पॅकेटं येवोत की दहा कोटी, सगळी त्याच सर्व्हरला जातात. जायलाच हवीत, कारण टीसीपीची सगळी स्थिती त्या एका सर्व्हरच्या मेमरीत असते. अधलंमधलं पॅकेट दुसऱ्याकडे गेलं तर तो "मी तुला ओळखत नाही" म्हणून रीसेट पाठवेल.

म्हणून तुमची "पहिली विनंती पहिल्याला" ही समजूत फक्त तेव्हाच खरी, जेव्हा प्रत्येक विनंतीसाठी नवी जोडणी उघडते.

अर्धविराम | सोमवार, रात्री १०:५५

अरे देवा. आमचीच दुसरी सेवा आहे. तिच्या बारा प्रती चालतात आणि जीआरपीसीने (सेवांनी एकमेकींना विनंत्या पाठवायची पद्धत) बोलतात.

पॅकेटपाहुणा | सोमवार, रात्री ११:०३

मग उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. जीआरपीसी एचटीटीपी/२ वर चालतं. २०१५ साली एचटीटीपी/२ आलं तेच मुळी एका जोडणीवरून अनेक विनंत्या एकाच वेळी नेता याव्यात म्हणून. त्यामुळे तुमची प्रत्येक प्रत एकच जोडणी उघडते आणि ती दिवसेंदिवस धरून ठेवते. बारा प्रती, बारा जोडण्या. सहा सर्व्हर असताना राउंड रॉबिनने प्रत्येकाला बरोबर दोन दिल्या. वाटणी सुरेख झाली होती, म्हणून कधी शंका आली नाही. शुक्रवारी दोन सर्व्हर आले, पण नवी जोडणी कोणी उघडलीच नाही, तर बॅलन्सर त्यांना देणार काय? त्या दोघांवरचे ३ टक्के म्हणजे हेल्थ चेक आणि सर्व्हरची स्वतःची किरकोळ कामं.

निशाचर_पहारा | सोमवार, रात्री ११:१५

+१. हेच आमच्याकडे झालं होतं, फक्त डेटाबेसच्या कनेक्शन पूलमुळे (उघड्या जोडण्या जपून पुन्हा वापरणारा साठा). पूल जितका छान काम करतो, तितकी बॅलन्सरला निर्णयाची संधी कमी मिळते.

सर्व्हरसखा | मंगळवार, सकाळी ७:३०

राउंड रॉबिन काढा आणि लीस्ट कनेक्शन लावा. ज्याच्याकडे सर्वांत कमी जोडण्या त्याला पुढची. नव्यांकडे शून्य आहेत म्हणजे सगळं आपोआप त्यांच्याकडे जाईल. इतका विचार कशाला?

पॅकेटपाहुणा | मंगळवार, सकाळी ८:०५

@सर्व्हरसखा, पुढची जोडणी येईल तेव्हा ना! अल्गोरिदम कोणताही लावा, तो नव्या जोडणीच्या क्षणीच चालतो. चालू जोडणी उचलून दुसऱ्याकडे ठेवण्याचा अधिकार लेयर ४ ला नाही.

निशाचर_पहारा | मंगळवार, सकाळी ८:४०

लीस्ट कनेक्शनचं नाव निघालंच आहे, तर एक अनुभव सांगतो. ती रात्र मी विसरणार नाही.

आमच्या दहा सर्व्हरपैकी एकाची डिस्क भरली. लॉग लिहिता येईना, म्हणून प्रत्येक विनंतीला तो दोन-तीन मिलिसेकंदांत ५०० ची चूक परत करायचा. बाकीचे नऊ प्रामाणिकपणे काम करत होते, त्यांना दोनशे मिलिसेकंद लागायचे. आता बॅलन्सरच्या जागी उभे राहून बघा. या सर्व्हरकडे जोडणी गेली की लगेच मोकळी होते, म्हणजे त्याच्याकडे कायम सर्वांत कमी जोडण्या! म्हणून पुढची त्यालाच, त्याच्या पुढचीही त्यालाच. उचलली जीभ लावली टाळ्याला अशा त्या एका सर्व्हरने बघता बघता बहुतेक वाहतूक स्वतःकडे ओढली. दहातला एक बिघडला होता, म्हणजे एक दशांश चुका दिसायला हव्या होत्या. आम्हाला अर्ध्याहून जास्त दिसत होत्या.

आणि हेल्थ चेक? हिरवा. तो फक्त पोर्ट उघडं आहे का एवढंच बघत होता. पोर्ट उघडंच होतं.

तेव्हापासून कोणीही "हेल्थ चेक हिरवा आहे" म्हणालं की मी आधी विचारतो, तो नेमकं काय तपासतो?

शून्यप्रहर | मंगळवार, सकाळी ९:१०

@निशाचर_पहारा, याच्या उलट टोकाचं आम्ही भोगलंय. पोर्ट बघणं पुरेसं नाही म्हणून आम्ही हेल्थ चेकमध्ये डेटाबेसलाही विचारायला लागलो. एकदा डेटाबेस पंधराएक सेकंद मंदावला आणि सगळेच्या सगळे सर्व्हर एकदम आजारी ठरले. बॅलन्सरकडे पाठवायला कोणी उरलंच नाही. ज्या पानांना डेटाबेसची गरजसुद्धा नव्हती तीही बंद पडली.

एन्व्हॉय या बॅलन्सरमध्ये यावर उपाय आहे. निरोगी सर्व्हर ५० टक्क्यांच्या खाली गेले, की तो हेल्थ चेककडे दुर्लक्ष करून सगळ्यांनाच वाहतूक वाटायला लागतो. अर्ध्याहून जास्त एकदम मेले असं कळलं, तर बहुधा तपासणीतच खोट आहे, हा त्यामागचा विचार. ५० हा आकडा बदलता येतो. मला ही कल्पना फार शहाणपणाची वाटते. आमची तपासणी आता फक्त "हा सर्व्हर स्वतः काम करू शकतो का" एवढंच विचारते. सगळ्यांची सामाईक असलेली गोष्ट त्यातून काढून टाकली.

गणितवेडी | मंगळवार, सकाळी ११:२५

धागा आवडला. थोडं गणित आणते, चालेल ना?

बॅलन्सर हॅशवर चालत असता, म्हणजे स्रोत आयपी, स्रोत पोर्ट, गंतव्य आयपी, गंतव्य पोर्ट आणि प्रोटोकॉल या पाच गोष्टींपासून सूत्राने एक आकडा काढून त्यावरून सर्व्हर ठरवत असता, तर अर्धविराम यांना शुक्रवारच्या आधीच त्रास झाला असता. बारा जोडण्या सहा सर्व्हरवर हॅशने टाकल्या, तर एखाद्या ठरावीक सर्व्हरला एकही न मिळण्याची शक्यता (५/६) चा बारावा घात, म्हणजे सुमारे ११ टक्के. आठ सर्व्हर असतील तर २० टक्के. हॅश वाईट नाही, पण तो समान वाटतो ते लाखोंच्या संख्येत. डझनभर जोडण्यांत तो फासे टाकल्यासारखाच.

आता गंमत बघा. हजार डबे घ्या आणि हजार चेंडू एकेक करून कुठल्याही डब्यात टाका. सर्वांत भरलेल्या डब्यात साधारण पाच-सहा चेंडू सापडतील. आता प्रत्येक चेंडूसाठी दोन डबे यादृच्छिकपणे निवडा आणि त्यातल्या त्यात रिकाम्या डब्यात टाका. सर्वांत भरलेल्या डब्यात तीनच! नुसता एक जास्तीचा पर्याय दिला तर एवढा फरक पडतो. दोनाऐवजी तीन डबे बघितले तर मात्र त्यामानाने फारसा लाभ नाही. आझार, ब्रोडर, कार्लिन आणि उपफाल यांनी हे १९९४ मध्ये सिद्ध केलं. मिट्झेनमाखर यांचा १९९६ चा प्रबंध तर पूर्ण याच विषयावर आहे. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये २०१८ पासून ही पद्धत मिळते.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा विश्वासच बसेना, म्हणून प्रोग्राम लिहून पाहिला. तुम्हीही पाहा, वीस ओळी पुरतात.

सर्व्हरसखा | मंगळवार, दुपारी १२:०२

पण दोनच का बघायचे? सगळ्यांत रिकामा कोण ते बॅलन्सरला माहीतच असतं. सरळ त्यालाच द्यावं.

गणितवेडी | मंगळवार, दुपारी १२:३०

बॅलन्सर एकच असेल आणि त्याची माहिती ताजी असेल तर तुमचं बरोबर आहे. पण बॅलन्सर वीस असतील आणि कोण किती भरलाय हे त्यांना दर पाच सेकंदांनी कळत असेल, तर? विसांनाही एकच सर्व्हर सर्वांत रिकामा दिसणार आणि पुढचे पाच सेकंद वीसही जण त्याच्यावरच तुटून पडणार. पाच सेकंदांनी तो गुदमरलेला दिसणार, मग सगळे दुसऱ्यावर. यादृच्छिक दोन बघितले की हा कळप मोडतो, कारण प्रत्येकाच्या हाताला वेगळी जोडी लागते. शिळी माहिती असेल तर सर्वोत्तम शोधण्यापेक्षा दोघांतला बरा निवडणं जास्त सुरक्षित.

सर्व्हरसखा | मंगळवार, दुपारी १२:४४

हे पटलं. मान्य.

तारवाले_काका | मंगळवार, दुपारी ३:१५

तुम्हा सगळ्यांचं वाचून फार बरं वाटलं. मी आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये घालवलं. आमच्याकडे हाच प्रश्न ट्रंक लायनींचा होता: येणारे कॉल किती आणि लायनी किती लागतील. त्याचं गणित डेन्मार्कच्या अर्लांग यांनी १९०९ मध्ये मांडलं. त्यांच्या नावाचं एककच आहे वाहतूक मोजायला.

त्यातली एक गोष्ट इथे उपयोगी पडेल. रांगेच्या सगळ्यांत साध्या गणितात सर्व्हर ५० टक्के व्यग्र असेल तर उत्तराला लागणारा वेळ मूळ कामाच्या दुप्पट होतो. ८० टक्क्यांना पाचपट, ९० ला दहापट, ९५ ला वीसपट. आलेख सरळ रेषेत चढत नाही, शेवटी उभाच होतो. म्हणून दोन सर्व्हर दोघेही ७० वर असतील तर साधारण सव्वातीनपट वेळ लागतो. एक ५० वर आणि दुसरा ९० वर असेल, तर सरासरी तीच ७०, पण निम्म्याहून जास्त लोक दहापट थांबतात. वाटणी बिघडली की त्याची किंमत अशी मोजावी लागते. अर्धविराम, तुमचे सहा ८२ वर आहेत म्हणजे तुम्ही त्या चढाच्या पायथ्याशी नाही, अर्ध्यात आहात. लवकर काहीतरी करा.

अर्धविराम | मंगळवार, दुपारी ४:०५

काका, हे कोणी इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं. आज रात्री बाराही प्रती एकेक करून रीस्टार्ट करते, म्हणजे नव्या जोडण्या उघडतील.

पॅकेटपाहुणा | मंगळवार, दुपारी ४:३०

करा, पण एक भागाकार आधी करून ठेवा. बारा जोडण्या, आठ सर्व्हर. चौघांना दोन आणि चौघांना एक. ज्यांना दोन मिळतील ते जिथल्या तिथेच, ८२ वर.

वाटसरू_वाचक | मंगळवार, सायंकाळी ६:१०

थोडं विषयांतर. सगळे सर्व्हरबद्दल बोलताय, पण बॅलन्सरच पडला तर? सगळी वाहतूक त्याच्यातूनच जाते ना?

मार्गक्रमण | मंगळवार, रात्री ८:२०

@वाटसरू_वाचक, याला विषयांतर कसं म्हणायचं, हा तर मुख्य प्रश्न.

लहान ठिकाणी दोन बॅलन्सर ठेवतात आणि एक आभासी आयपी. व्हीआरआरपी प्रोटोकॉलने दोघे एकमेकांची खबर ठेवतात. पहिला गप्प झाला की दुसरा तो आयपी स्वतःकडे घेतो. यात दुसरा एरवी रिकामाच असतो.

मोठ्या ठिकाणी सगळेच कामाला लावतात. तोच आयपी अनेक बॅलन्सर राउटरला जाहीर करतात आणि राउटर समान खर्चाच्या वाटांवर पॅकेटं वाटतो. म्हणजे बॅलन्सरच्या पुढे राउटर हाच बॅलन्सर! पण यात एक मेख आहे. एक बॅलन्सर गेला की राउटरची वाटणी बदलते आणि चालू जोडणीचं पॅकेट भलत्याच बॅलन्सरकडे जातं. त्याच्या तक्त्यात त्या जोडणीची नोंदच नसते. मग त्याने तिला कोणाकडे पाठवायचं?

इथे कन्सिस्टंट हॅशिंग कामी येतं. १९९७ मध्ये कार्गर आणि सहकाऱ्यांनी मांडलेली कल्पना. हॅशला सर्व्हरच्या संख्येने भागून बाकी घेतली, तर अर्धविराम यांच्यासारखं सहाचे आठ केल्यावर ७५ टक्के जोडण्यांचा पत्ता बदलतो. कन्सिस्टंट हॅशिंगमध्ये सुमारे २५ टक्केच हलतात, म्हणजे नव्या दोघांच्या वाट्याला जेवढ्या यायला हव्यात तेवढ्याच. गूगलचा बॅलन्सर मॅग्लेव्ह याच जातीचा. तो २००८ पासून वापरात आहे आणि त्यावरचा शोधनिबंध २०१६ मध्ये आला. प्रत्येक मॅग्लेव्ह स्वतंत्रपणे तोच तक्ता बनवतो, त्यामुळे पॅकेट कोणत्याही मॅग्लेव्हकडे गेलं तरी बहुतेक वेळा सर्व्हर तोच निघतो. निबंधात तक्त्याचा आकार ६५,५३७ दिलाय. मूळसंख्या आहे, आणि ती मुद्दाम निवडलेली. एकमेकांशी न बोलता सगळ्यांचं उत्तर एक यावं, ही मांडणी मला आजही सुंदर वाटते.

निशाचर_पहारा | मंगळवार, रात्री ९:००

त्यात आणखी एक जोडा. मोठ्या ठिकाणी उत्तर बॅलन्सरमधून परत जातच नाही. विनंती छोटी आणि उत्तर मोठं असतं, म्हणून सर्व्हर थेट ग्राहकाला उत्तर पाठवतो. त्यासाठी प्रत्येक सर्व्हरच्या लूपबॅकवर, म्हणजे त्याच्या स्वतःपुरत्या आतल्या इंटरफेसवर, तोच आभासी आयपी ठेवावा लागतो आणि "हा आयपी कोणाचा?" असं नेटवर्कवर विचारलं तर सर्व्हरने गप्प राहायचं असतं. हे गप्प बसवणं एकदा राहून गेलं आणि एका सर्व्हरने सगळी वाहतूक स्वतःच्या नावावर करून घेतली. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशी दोन तासांची शोधाशोध.

शून्यप्रहर | मंगळवार, रात्री ९:२५

क्विक या (टीसीपीऐवजी वापरायच्या नव्या) प्रोटोकॉलने पाच गोष्टींच्या हॅशचीही पंचाईत केलीय. फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला की स्रोत आयपी बदलतो, पण जोडणी तीच चालू राहते. नुसता आयपी-पोर्टचा हॅश केला तर पॅकेटं अनोळखी सर्व्हरकडे जातील. म्हणून क्विकच्या पॅकेटमध्ये जोडणीचा स्वतंत्र ओळखक्रमांक असतो. सर्व्हर त्यात स्वतःची खूण घालतो आणि बॅलन्सरने ती वाचायची. २०२१ मध्ये मानक आलं तरी अजून सगळे बॅलन्सर हे करत नाहीत.

रांगेतला_पाचवा | मंगळवार, रात्री ९:५०

मी "रीस्टार्ट करून पाहिला का" विचारून झोपलो आणि उठून बघतो तर इथे विद्यापीठ उघडलंय. वाचनखूण साठवली.

अर्धविराम | बुधवार, रात्री १२:४०

केलं. आणि @पॅकेटपाहुणा यांचा भागाकार अक्षरशः खरा ठरला. चार सर्व्हर ८२ वर, चार ४१ वर. नवे दोघे कामाला लागले, पण निम्म्यांना काडीचाही आराम नाही.

आता काय? सरळ लेयर ७ चा बॅलन्सर आणू का? तो एचटीटीपी/२ उलगडून प्रत्येक विनंती वेगळी वाटेल.

शून्यप्रहर | बुधवार, सकाळी ८:१५

माझं मत: हो, आणा. पुन्हा हा प्रश्न येणार नाही.

पॅकेटपाहुणा | बुधवार, सकाळी ८:५०

मी इथे असहमत. लेयर ७ म्हणजे प्रत्येक जोडणी बॅलन्सरवर संपणार, टीएलएस (जोडणीचं कूटलेखन) तिथे उलगडणार, आणि तिथून सर्व्हरकडे दुसरी जोडणी जाणार. त्याला सीपीयू लागतो, वेळ लागतो आणि सर्व्हरला ग्राहकाचा खरा आयपी हेडरमधून वाचावा लागतो. बाहेरून येणाऱ्या लाखो लोकांसाठी हे सगळं रास्त आहे. पण इथे दोन्ही टोकं तुमच्याच हातात आहेत. बारा प्रतींना आठ सर्व्हरचे पत्ते थेट द्या. जीआरपीसी मुळात मिळालेल्या पत्त्यांतला पहिला लागणारा धरतं आणि तिथेच राहतं. ते बदलून राउंड रॉबिन करा. मग प्रत्येक प्रत आठही सर्व्हरशी जोडणी ठेवेल आणि विनंत्या आळीपाळीने देईल. मध्ये बॅलन्सरच नको.

शून्यप्रहर | बुधवार, सकाळी ९:२०

पण मग नवा नववा सर्व्हर आला हे बारा प्रतींना कोण सांगणार? पुन्हा रीस्टार्ट?

पॅकेटपाहुणा | बुधवार, सकाळी ९:४५

रास्त शंका. सर्व्हरच्या बाजूला जोडणीचं कमाल वय ठरवा, समजा तीस मिनिटं. वय झालं की सर्व्हर सौजन्याने "आता नवी विनंती देऊ नका" असं कळवतो, चालू असलेल्या पूर्ण होतात, ग्राहक, म्हणजे तुमची प्रत, पत्ते पुन्हा विचारतो आणि नव्याने जोडतो. सगळ्या एकाच क्षणी तुटू नयेत म्हणून जीआरपीसी त्या वयात स्वतःहून १० टक्के मागेपुढे करतं.

अर्धविराम | शुक्रवार, सायंकाळी ५:३०

उशिरा लिहितेय, दोन दिवस चाचण्यांत गेले. @पॅकेटपाहुणा म्हणाले तसंच केलं. बारा प्रती, प्रत्येकीच्या आठ जोडण्या, एकूण शहाण्णव. सर्व्हरवर कमाल वय तीस मिनिटं. आत्ता आठही सर्व्हर ६० ते ६३ च्या मध्ये आहेत. @शून्यप्रहर यांच्या शंकेसाठी दुपारी मुद्दाम नववा सर्व्हर लावून पाहिला. अर्ध्या तासानंतर तोही बाकीच्यांच्या बरोबरीला आला, कोणालाही रीस्टार्ट न करता.

तारवाले काका, उत्तराचा वेळही उतरलाय, आणि सीपीयूपेक्षा कितीतरी जास्त उतरलाय. तुमच्या चढाचं प्रात्यक्षिकच झालं.

बाहेरच्या ग्राहकांसाठी जुना लेयर ४ तसाच ठेवलाय. त्याचा हेल्थ चेक मात्र उघडून पाहिला. फक्त पोर्ट बघत होता.

निशाचर_पहारा | शुक्रवार, सायंकाळी ५:४२

तो आजच बदला. सोमवारवर टाकू नका.